तेलताड आणि त्याचे धनी

पामतेल हा शब्द आता मराठी घरांना नवा राहिलेला नाही. शिधावाटपाच्या दुकानात ते मिळू लागल्याला कित्येक वर्षे लोटली. महाराष्ट्रात २०२२ सालच्या दिवाळीला सरकारने शंभर रुपयांत जो ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात रवा, हरभऱ्याची डाळ आणि साखर यांच्या जोडीला एक लिटर पामतेल होते. त्या वर्षी अनेक घरांतील करंज्या-शंकरपाळी याच तेलात तळली गेली असतील. शिधापत्रिकेच्या वाटेने जे येत नाही ते निराळ्या वाटांनी येते. अंगाला लावण्याच्या साबणात ते असते, मुलांच्या बिस्किटांत असते, बाजारच्या फरसाणात आणि मिठाईत असते. जगात जेवढे वनस्पतिजन्य तेल तयार होते, त्यातील एक तृतीयांशाहून अधिक वाटा एकट्या या झाडाचा आहे. आणि तरीही हे झाड आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल.

या झाडाला आपण तेलताड म्हणतो. त्याच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासाचा थोडा मागोवा आज घ्यावयाचा आहे. त्यात राजे भेटतील, साबणाचे कारखानदार भेटतील, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि मळेवाले भेटतील. बंड करणाऱ्या बायकाही भेटतील. परंतु या सर्वांच्या मागे एकच प्रश्न उभा आहे. फळ ज्याचे, घाणाही त्याचाच, की दुसऱ्या कोणाचा? हा प्रश्न इतका महत्त्वाचा का व्हावा, हे कळण्यासाठी प्रथम त्या फळाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे.

तेलताड हा नारळ-सुपारीच्याच कुळातला. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या दमट पट्ट्यात तो मूळचा. याकिन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६३ साली त्याचे शास्त्रीय नामकरण केले, तेव्हा ‘एलाइस’ हा जो शब्द वापरला, त्याचे मूळ ग्रीक भाषेतील ऑलिव्हच्या नावात आहे. गंमत अशी, की त्याने हे झाड अभ्यासले ते आफ्रिकेत नव्हे, तर वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर. गुलामांना घेऊन जाणाऱ्या जहाजांबरोबर तेलताडानेही तोपर्यंत अटलांटिक महासागर ओलांडला होता.

झाडाच्या शेंड्याशी, झावळ्यांच्या बेचक्यात, फळांचे घट्ट घड लागतात. एका घडात हजाराहून अधिक फळे असतात. फळ सुपारीहून थोडे मोठे, पिकले म्हणजे तांबडे-केशरी. त्यातून दोन निराळी तेले मिळतात. वरच्या गरातून निघते ते तांबडे तेल, हेच खरे पामतेल. आत टणक कवच, आणि कवचाच्या आत पांढरा मगज. त्याचे तेल खोबरेलासारखे असते. झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळू लागते आणि पुढे वीस-पंचवीस वर्षे बारमाही फळते. एका हेक्टरात सोयाबीनपासून जितके तेल मिळते, त्याच्या कितीतरी पट, पाच-सहा पट किंवा त्याहूनही अधिक तेल चांगला तेलताड देतो.

एवढ्या उदार झाडात एक अडचण निसर्गानेच ठेवली आहे. घड झाडावरून उतरला, फळाला मार लागला, की गरातील तेल आंबू लागते. एका दिवसाच्या आत, फार तर दोन दिवसांत, फळ शिजवून त्याचे तेल काढावे लागते. भुईमूग किंवा तीळ शेतकऱ्याला पोत्यात भरून ठेवता येतो आणि भाव बरा आला म्हणजे विकता येतो. तेलताडाचे तसे नाही. झाड आणि घाणा यांच्यामध्ये एका दिवसाचेच अंतर असू शकते. म्हणून ज्याच्या हाती जवळचा घाणा, त्याच्या हाती त्या पंचक्रोशीतील प्रत्येक झाड, असा हा हिशेब आहे.

आफ्रिकेतील खेड्यांनी हा हिशेब आपल्या पद्धतीने सोडवला होता. तेथे घाणा घरातच होता. नायगर नदीच्या मुखाकडील इग्बो लोकांत पुरुष दोराच्या साहाय्याने झाडावर चढून घड उतरवीत. बायका फळे उकडीत, कुटीत, पाण्यात घोळवून वर आलेले तेल काढून घेत. तेल बहुधा पुरुषाच्या मालकीचे ठरे. परंतु मगज बाईचा. बिया फोडून मगज वेगळा करण्याचे चिकाटीचे काम ती मुलींना हाताशी घेऊन करी, आणि त्याचा पैसा तिच्या हाती राही. ही वाटणी पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवावयाची आहे.

इंग्लंडने १८०७ साली गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. लिव्हरपूलची जी जहाजे नायगरच्या मुखाशी माणसे भरण्यासाठी जात, त्यांना दुसरा माल हवा होता. नेमक्या त्याच वेळी इंग्लंडातील कारखान्यांना स्निग्ध पदार्थ हवे होते. यंत्रांना वंगण हवे होते, आगगाड्यांच्या आसांना हवे होते. लोखंडी पत्र्यावर कथिलाचा मुलामा देतानाही हे तेल लागे. कोळशाच्या काजळीने काळवंडलेल्या शहरांना साबण हवा होता. शेव्रल या फ्रेंच रसायनज्ञाने चरबीच्या घटकांचा उलगडा केल्यावर तांबड्या तेलापासून कठीण, पांढरी मेणबत्ती बनवणे शक्य झाले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात दरसाल हजारभर टन येणारे हे तेल १८५० नंतरच्या दशकात तीस हजार टनांच्या पलीकडे गेले. ज्या नद्यांना पूर्वी गुलामांच्या नद्या म्हणत, त्यांना व्यापारी आता तेलाच्या नद्या म्हणू लागले.

गुलामांच्या जागी तेल आले, हा धर्म्य व्यापार आहे, असे त्या काळी इंग्लंडात मोठ्या समाधानाने सांगितले जाई. त्या समाधानात तथ्य होते, पण ते अपुरे होते. तेल काढावयास, मडक्यांतून वाहून आणावयास, खाडीतून होड्या वल्हवावयास माणसे लागत. समुद्रापार विकली न जाणारी माणसे आता किनाऱ्यावरच, तेलाच्या कामाला, विकली जाऊ लागली. अटलांटिक ओलांडणारी गुलामगिरी आटत गेली, तरी आफ्रिकेच्या अंतर्भागातील गुलामगिरी या तेलाने काही काळ उलट वाढवली.

अशाच एका विकल्या गेलेल्या मुलाने पुढे या व्यापाराची सूत्रे आपल्या हाती घेतली. त्याचे नाव जाजा. इग्बो प्रदेशात १८२१ च्या सुमारास जन्मलेला हा मुलगा बॉनी या बंदरात गुलाम म्हणून आला. कर्तृत्वाच्या बळावर तो तेथील एका मोठ्या व्यापारी घराण्याचा प्रमुख झाला. बॉनीत यादवी माजली तेव्हा १८६९ साली त्याने आपली माणसे घेऊन ओपोबो हे नवे गाव वसवले. गावाची जागा त्याने अशी निवडली, की आतल्या प्रदेशातून येणारे तेल त्याच्या दारावरूनच समुद्राकडे जावे. इंग्रज व्यापारी आत शिरू शकत नव्हते, आणि जाजा मात्र मधल्या दलालांना टाळून आपले तेल थेट लिव्हरपूलला पाठवू लागला होता.

१८८४ साली इंग्रजांनी त्याच्यापुढे संरक्षणाचा तह ठेवला. जाजाने सही करण्यापूर्वी विचारले, की संरक्षण या शब्दाचा अर्थ काय? राणीला तुमचा मुलूख नको आणि तुमच्या बाजारपेठाही नकोत, असे उत्तर त्याला लेखी मिळाले. खुल्या व्यापाराचे कलम त्याने तहातून काढावयास लावले. पण तीनच वर्षांनी, १८८७ साली, हॅरी जॉन्स्टन या हंगामी कॉन्सलने त्याला बोलणी करण्यासाठी ‘गोशॉक’ या युद्धनौकेवर बोलावले. सुरक्षित परत जाऊ देण्याचे वचन होते. नौकेवर पाऊल ठेवताच त्याला सांगण्यात आले, की शरण या, नाही तर गावावर तोफा डागू. जाजा शरण गेला. आक्रा येथे त्याची चौकशी झाली आणि त्याला वेस्ट इंडीजमधील सेंट व्हिन्सेंट बेटावर धाडण्यात आले. परत येण्याची परवानगी मिळाली ती १८९१ साली. आणि मायदेशी येता येता टेनेरिफ बेटावर त्याला मृत्यू आला. तेलाच्या नद्यांवर आता इंग्रजांचा निर्वेध अंमल चालू झाला.

वाट मोकळी झाली, तरी घाणा अद्याप खेड्यातच होता. तो तेथून उचलण्याची इच्छा धरली विल्यम लिव्हर याने. ‘सनलाइट’ साबणाचा हा कारखानदार. त्याच्या साबणाला वर्षानुवर्षे एकसारख्या प्रतीचे, स्वस्त तेल हवे होते. खेड्यात पायांनी तुडवून काढलेल्या तेलापेक्षा यंत्राची गिरणी अधिक तेल काढील, हा त्याचा हिशेब चूक नव्हता. पण गिरणी चालावयाची तर सभोवतालचे फळ तिलाच मिळाले पाहिजे. पश्चिम आफ्रिकेतील इंग्रजी वसाहतींत जमीन आणि मक्तेदारी मागण्याचे त्याचे प्रयत्न सरकारने मान्य केले नाहीत. रयतेकडून जमीन काढून घेतली तर तिला आवरणे कठीण जाईल, ही भीती त्यामागे होती. शिवाय किनाऱ्यावरील जुन्या व्यापारी पेढ्यांचाही विरोध होता.

लिव्हरने मग बेल्जियमच्या ताब्यातील काँगोकडे मोर्चा वळवला. १९११ च्या करारान्वये त्याला पाच वर्तुळे आखून मिळाली. प्रत्येकाची त्रिज्या साठ किलोमीटर. या वर्तुळांतून त्याला साडेसात लाख हेक्टरपर्यंत जमीन निवडता येणार होती. एका वर्तुळाच्या मुख्य ठाण्याला लिव्हरव्हिल असे नावही देण्यात आले. मध्यभागी गिरणी आणि भोवती वर्तुळ, या आकृतीत त्या फळाचा स्वभाव जसाच्या तसा नकाशावर उतरला होता. वर्तुळातील झाडे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली, ते लोक आता घड उतरवणारे मजूर झाले. कर रोख पैशांत भरावयाचा, पैसा मिळण्याचे साधन घड तोडणे, आणि घडाचा भाव ठरवणार गिरणी. १९३१ साली जागतिक मंदीत भाव पाडले गेले आणि कराचा तगादा मात्र कायम राहिला, तेव्हा क्विलू प्रदेशातील पेंडे लोकांनी उठाव केला. तो मोडताना पाचशेहून अधिक पेंडे मारले गेले.

नायजेरियात जमीन गेली नव्हती, तरी तेथेही मंदीची चाहूल लागली होती. १९२९ च्या नोव्हेंबर महिन्यात ओलोको या गावी शिरगणतीसाठी एक माणूस न्वान्येरुवा नावाच्या बाईच्या अंगणात आला. ती तेल काढण्याच्या कामात होती. बकऱ्या किती, माणसे किती, असे तो विचारू लागला. पुरुषांची मोजदाद झाल्यावर त्यांच्यावर कर बसल्याचे तिला ठाऊक होते. आता बायकांची पाळी, हे तिने ओळखले. तिने बाजारात जमलेल्या बायकांना बातमी सांगितली, आणि बघता बघता हजारो बायका गावोगावी सरकारनियुक्त मुखियांच्या दारांशी बसल्या. तेल आणि मगज यांचे भाव उतरत होते, परदेशी मालाचे वाढत होते, आणि त्यात हा कर. काही कचेऱ्या जाळल्या गेल्या, व्यापारी कोठारांवर हल्ले झाले. सैनिकांच्या गोळीबारात पन्नासहून अधिक बायका मृत्युमुखी पडल्या. इतिहासात या घटनेला आबाचे स्त्रीयुद्ध म्हणतात. बायकांवर कर बसला नाही. आणि पुढील काही वर्षांत सरकारला ती मुखियापद्धतीही मोडीत काढावी लागली.

या बायकांचे म्हणणे किती नेमके होते, हे दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा दिसले. वसाहत सरकारने पूर्व नायजेरियात लहान लहान तेलगिरण्या उभारल्या. गिरणी तेल अधिक काढी, कष्ट वाचवी. तरीही अनेक ठिकाणी बायकांनीच तिला विरोध केला. बाहेरच्या अधिकाऱ्याला हे अडाणीपणाचे वाटले असेल. पण फळ सबंध गिरणीत गेले म्हणजे मगजही गिरणीतच जाणार होता, आणि मगजाचा पैसा तर त्यांच्या हातचा होता. सुधारणा कोणाच्या पदरात पडणार, हे त्यांना अधिकाऱ्याहून अधिक स्पष्ट दिसत होते.

आता आफ्रिकेचा किनारा सोडून पूर्वेकडे वळले पाहिजे, कारण तेलताडाचे भाग्य तेथे उजळले. १८४८ साली जावा बेटावरील बोगोरच्या वनस्पतिउद्यानात तेलताडाची चार रोपे लावण्यात आली. पुढे त्यांचे वंशज सुमात्रातील डेली भागात गेले आणि बराच काळ तंबाखूच्या मळ्यांच्या वाटांवर शोभेची झाडे म्हणून उभे राहिले. १९११ साली आद्रियाँ हाले या बेल्जियन गृहस्थाने सुमात्रात त्यांचा व्यापारी मळा घातला. १९१७ साली आँरी फोकोनिए याने मलायात तेन्नामाराम येथे पहिला मळा उभारला. आफ्रिकेत झाड रानात आणि शेतात विखुरलेले होते. येथे ते ओळीने लावले गेले, आणि मळ्याच्या मधोमध मळेवाल्याचीच गिरणी आली. येथे झाड आणि घाणा दोन्हींचा धनी एकच होता. राबणारे मात्र दुरून आणलेले होते. सुमात्राच्या मळ्यांत जावातून करारावर आणलेले मजूर. करार मोडला तर शिक्षा कायद्याने. मलायाच्या मळ्यांत तमिळ मजूर, कंगाणी नावाच्या मुकादमांनी दक्षिण भारतातील खेड्यांतून जमवलेले. रबर आणि तेलताड यांच्या त्या मळ्यांतून आपल्याच देशातील हजारो कुटुंबांच्या पिढ्या गेल्या आहेत.

शास्त्रानेही मळ्याला साथ दिली. १९४१ साली काँगोतील यांगाम्बीच्या संशोधनकेंद्रातून एक महत्त्वाचा शोध जाहीर झाला. जाड कवचाचा तेलताड आणि कवच नसलेला तेलताड यांच्या संकरातून पातळ कवचाची, गर अधिक असलेली जात मिळते, असा तो शोध. आज जगभर लावली जाणारी रोपे या संकरातून येतात. दुसरी गोष्ट एका किड्याची. पूर्वेकडील मळ्यांत फुलांचे परागण माणसांकडून हाताने करवून घ्यावे लागे. लेस्ली डेव्हिडसन या मळ्याच्या व्यवस्थापकाने पूर्वी कॅमेरूनमध्ये त्या फुलांवर बारीक सोंडेचे किडे पाहिले होते. त्याच्या आग्रहावरून रहमान सय्यद या कीटकशास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास केला, आणि १९८१ साली ते किडे मलेशियात सोडण्यात आले. फळधारणा वाढली, आणि हाताने परागण करण्याचे प्रचंड काम थांबले.

नायजेरिया आणि मलेशिया यांच्या वाटा येथे फाकल्या. नायजेरियातील सरकारी खरेदी मंडळे शेतकऱ्याला जागतिक भावाहून कमी भाव देत राहिली, आणि उरलेला पैसा दुसरीकडे वळत राहिला. नवी झाडे लावण्याचा उत्साह शेतकऱ्यात उरला नाही. १९६७ ते १९७० या काळातील यादवी युद्ध नेमके तेलताडाच्या प्रदेशात पेटले. मलायाने १९५६ साली भूमिहीनांना वसवण्यासाठी ‘फेल्डा’ नावाची सरकारी संस्था स्थापली होती. जंगल तोडून कुटुंबामागे दहा एकरांच्या आसपास जमीन देण्यात आली. प्रथम रबर आणि नंतर मुख्यतः तेलताड तेथे लावला गेला. या योजनेने अनेक कुटुंबांचे दारिद्र्य फिटले, हे मान्य केले पाहिजे. तथापि गिरणी संस्थेची होती आणि लागवडीचे कर्ज फळाच्या किमतीतून कापून घेतले जाई, हेही त्याच वेळी नमूद केले पाहिजे. १९६६ च्या सुमारास निर्यातीत मलेशियाने नायजेरियाला मागे टाकले. ज्या देशाने जगाला हे तेल दिले, त्या नायजेरियावर पुढे तेच तेल बाहेरून आणण्याची पाळी आली.

इंडोनेशियाने मलेशियाचा कित्ता मोठ्या प्रमाणावर गिरवला आणि या शतकाच्या पहिल्या दशकात त्यालाही मागे टाकले. आज या दोन देशांतून जगातील पामतेलाचा चार पंचमांशाहून अधिक पुरवठा होतो. तेथे कंपनीचा मळा मध्यभागी आणि सभोवती छोट्या शेतकऱ्यांची शेते, अशी रचना १९८० नंतर वाढली. साधारणपणे चाळीस टक्के क्षेत्र आज छोट्या शेतकऱ्यांकडे आहे. या वाढीची किंमत सुमात्रा आणि बोर्निओच्या रानांनी मोजली. दलदलीतील माती शतकानुशतके कुजलेल्या पाल्यापाचोळ्याची बनलेली असते. चर खणून ती कोरडी केली की ती इंधनासारखी पेटते. १९९७ साली आणि पुन्हा २०१५ साली तेथे वणवे लागले, त्यांचा धूर सिंगापूर आणि मलेशियापर्यंत गेला. २०१५ साली सुमारे सव्वीस लाख हेक्टर क्षेत्र जळाले. हे सारे तेलताडाने केले असे नाही. लाकूडतोड आणि कागदासाठी लावलेली झाडे यांचाही त्यात वाटा आहे. पण ओरांगउटान हा वानर आज ज्या संकटात आहे, त्यात तेलताडाचा भाग लहान नाही.

आणि फळाचा जुना स्वभाव अजून तसाच आहे. २०२२ सालच्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस देशातील तेल महागले म्हणून इंडोनेशिया सरकारने पामतेलाच्या निर्यातीला बंदी केली. गिरण्यांच्या टाक्या भरल्या. त्यांनी फळ घेणे कमी केले. घडांचे भाव कोसळले. तेल टाकीत थांबू शकते, घड झाडाखाली थांबू शकत नाही. छोटे शेतकरी जकार्ताच्या रस्त्यावर उतरले, आणि तीन-साडेतीन आठवड्यांत बंदी उठली. त्या अवधीत भारतातील तेलाच्या बाजारातही खळबळ उडाली होती. कारण जगात सर्वांत अधिक पामतेल आयात करतो तो आपला देश.

भारतात तेलताड अगदीच अपरिचित होता असे नाही. पुण्यात डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने १९४७ ते १९५९ या काळात पुण्याच्या परिसरात, कालव्यांच्या काठांवर आणि परसांत, आफ्रिकी तेलताडाची झाडे लावून पाहिली होती. पण देशाने त्या वेळी भर दिला तो भुईमूग, मोहरी, तीळ यांच्यावर. १९८६ साली तेलबियांची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि १९९० च्या आगेमागे आपण खाद्यतेलात जवळजवळ स्वावलंबी झालो. १९९४ साली पामतेलाची आयात खुली झाली, पुढे आयातशुल्क कमी होत गेले, आणि ते स्वावलंबन हातचे गेले. अलीकडे दरसाल पाऊणशे ते शंभर लाख टन पामतेल आपण बाहेरून आणतो. देशात होते ते जेमतेम चार लाख टनांच्या घरात. म्हणून २०२१ साली केंद्र सरकारने अकरा हजार चाळीस कोटी रुपयांची तेलताड मोहीम जाहीर केली, आणि त्यात ईशान्य भारतावर विशेष भर दिला.

या मोहिमेसंबंधी पाण्याची चिंता व्यक्त झाली आहे, ईशान्येतील अरण्यांची झाली आहे. दोन्ही योग्यच आहेत. पण इतिहास आपल्याला तिसरीही गोष्ट विचारावयास सांगतो. भारतातील बहुतेक सर्व पामतेल आंध्र प्रदेश आणि तेलंगणातून येते. आंध्रात १९९३ च्या कायद्याने गिरण्यांना क्षेत्रे वाटून दिली. एका क्षेत्रातील शेतकऱ्याने आपले घड नेमून दिलेल्या गिरणीलाच घालावयाचे. फळ लवकर नासते, म्हणून गिरणी जवळ हवी, गिरणी उभारणाऱ्याला फळाची हमी हवी, म्हणून क्षेत्र. यात युक्तिवाद आहे, परंतु लिव्हरच्या वर्तुळामागेही हाच युक्तिवाद होता. घडाचा भाव ठरतो तो त्यातून तेलाचा उतारा किती पडतो यावर, आणि उतारा मोजला जातो गिरणीत. तेलंगणात अश्वारावपेट येथे सहकारी महासंघाची गिरणी आहे. तिचा उतारा आंध्रातील गिरण्यांच्या उताऱ्याहून अधिक दिसे, तेव्हा आम्हालाही तोच उतारा धरून भाव द्या, अशी मागणी आंध्रातील शेतकऱ्यांनी केली. २०१९ साली तेथील सरकारने फरकाची रक्कम देण्याचे ठरवले. झाड तेच आणि जात तीच असताना, घाण्याचा धनी बदलला की उताराही बदलावा, हे विचार करण्याजोगे आहे.

उतारा हा शब्द मराठी शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावयास नको. उसाचाही स्वभाव असाच आहे. तोडलेला ऊस वेळेत गाळला नाही तर साखर घटते. खाजगी कारखान्याच्या दारात गाड्या घेऊन ताटकळत उभे राहण्याचा अनुभव घेतलेल्या शेतकऱ्यांनी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली लोणीला स्वतःचाच कारखाना उभारला. सहकारी कारखानदारीत पुढे दोषही शिरले, सत्तेची स्पर्धा शिरली, हे खरे आहे. पण जे पीक थांबू शकत नाही, त्याच्या उत्पादकाने गिरणीचा धनी झाले पाहिजे, हा मूळ विचार त्याने डागाळत नाही. तेलताडाच्या बाबतीतही हे अशक्य नाही. मध्य अमेरिकेत होंडुरास देशात ‘हॉंडुपाल्मा’ ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था १९८० नंतरच्या दशकापासून स्वतःची तेलगिरणी चालवीत आली आहे.

अरुणाचल, मिझोराम किंवा आसाम येथील एखादा शेतकरी आज तेलताडाचे रोप लावील, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा करार करीत असतो. भुईमुगाचा पेरा एका पावसाळ्यानंतर बदलता येतो. तेलताडाचा बदलता येत नाही. रोपासाठी अनुदान किती, खतासाठी किती, याची उत्तरे सरकारी पत्रकात असतात. परंतु चौथ्या वर्षी पहिला घड उतरेल, तेव्हा गिरणी किती अंतरावर असेल, ती कोणाची असेल, उतारा कोण मोजील आणि मोजताना शेतकऱ्याचा माणूस तेथे उभा असेल की नाही, या प्रश्नांची उत्तरे रोप लावण्यापूर्वीच मिळाली पाहिजेत. न्वान्येरुवाने आपल्या अंगणात आलेल्या माणसाचा हेतू त्याच्या पहिल्याच प्रश्नावरून ओळखला होता. आपल्या शेतकऱ्यांनाही तेवढे सावध राहण्याचा हक्क आहे. आणि स्वस्त तेलाचे जे आपण कोट्यवधी ग्राहक, त्या आपणही ते तेल कोणाच्या घाण्यातून आले, याची अधूनमधून चौकशी करण्यास हरकत नाही.